ऐकायची काठी

कृष्णोजीरावांच्या घरात पहिली गोष्ट शिकावी लागायची ती म्हणजे वाक्य अर्धवट सोडायला. तुम्ही काहीतरी सांगत असायचात, ते तुमच्या तोंडाकडे बघत मान हलवत असायचे, आणि मध्येच त्यांच्या उजव्या हाताचं पहिलं बोट वर व्हायचं. की संपलं. तोंडातला शब्द तोंडातच ठेवायचा. बोट वर असेपर्यंत त्या घरात कुणी खुर्चीसुद्धा सरकवायची नाही. त्यांची नजर आतल्या खोलीच्या दाराला लावलेल्या निळ्या पडद्यावर असायची. मग केव्हातरी बोट खाली यायचं, ते "सरी" म्हणायचे, म्हणजे कानडीत "ठीक", आणि तुम्ही जिथं थांबला होतात तिथून पुढे सुरू करायचं. पहिले काही दिवस मला याचं हसू यायचं. पुढे पुढे बोट वर झालं की मीही त्या पडद्याकडे बघायला लागले.

मी पुण्याहून नोकरीसाठी बंगळूरला आले आणि बसवनगुडीत त्यांच्या घराचा वरचा मजला मला भाड्यानं मिळाला. ऑफिस व्हाइटफील्डला, म्हणजे गावाच्या दुसऱ्या टोकाला. ऑफिसातले लोक मला वेड्यात काढत. पण घरमालक मराठी आहेत एवढं कळल्यावर आईनं पुढचं काही ऐकूनच घेतलं नाही. गल्लीत त्यांना सगळे अण्णा म्हणत आणि त्यांच्या बायकोला, अंबुजाबाईंना, अक्का. त्यांचं मराठी माझ्या मराठीच्या तीन-साडेतीनशे वर्षं आधी इथं येऊन राहिलेलं. मी 'अ‍ॅक्च्युअली' आणि 'बेसिकली' पेरलेलं मराठी बोलायची, ते कानडीतले 'स्वल्प' (थोडं) आणि 'बेडा' (नको) पेरलेलं, आणि दोघांनाही आपलंच शुद्ध वाटायचं.

अण्णा उंच, किडकिडीत. घरातसुद्धा इस्त्रीचा शर्ट, आणि हातात बहुतेक वेळा ती काठी. सागाची, कोपरापासून मनगटापर्यंत भरेल एवढी लांब, एक टोक निमुळतं, दुसऱ्या टोकाला गोल बोंड. ते मोटारी बनवणाऱ्या एका कारखान्यात होते. मोटारी म्हणजे रस्त्यावरच्या नव्हेत, पंपांना आणि यंत्रांना लागणाऱ्या विजेच्या मोटारी. तयार झालेली मोटार त्यांच्यासमोर यायची, ते तिच्या अंगावर काठीचं टोक टेकवायचे, बोंड कानामागच्या हाडाला लावायचे आणि बोट वर करायचे. सगळी रांग थांबायची. बोट खाली आलं आणि "सरी" म्हणाले की मोटार पास. नाहीतर परत. छत्तीस वर्षं हेच केलं म्हणत. निवृत्त होताना इतरांनी घड्याळं आणि शाली घेतल्या, यांनी काठी मागून घेतली.

मी राहायला येऊन आठवडा झाला नसेल, एका रविवारी सकाळी ते काठी घेऊन वर आले. "मुली, तुझा फ्रिज रडतोय."

मला तर काहीच ऐकू येत नव्हतं. त्यांनी फ्रिजच्या पाठीला काठी लावली, बोट वर केलं, डोळे मिटले आणि म्हणाले, "मागच्या पायाचं रबर गेलंय. खाली आमच्या भिंतीत उतरतंय." खिशातून सायकलच्या ट्यूबचा तुकडा काढून त्यांनी पायाखाली सरकवला. ते रोज सकाळी घरातल्या सगळ्या भिंतींना काठी लावून बघत, हे मला नंतर कळलं. लोक देवाला फुलं वाहतात, हे भिंती तपासायचे. काय कान आहेत या माणसाचे, असं मी त्या दिवशी आईला फोनवर सांगितलं.

त्यांच्या दाराची घंटा त्यांनी काढून टाकली होती. "अक्का दचकते," ते म्हणायचे. आपण खिडकीपाशी जाऊन हात हलवायचा.

या सगळ्यामागे एक दुपार होती. मी येण्याच्या दोन वर्षं आधीची. अण्णांना सिनेमाचं वेड. वीस वर्षं जमवलेल्या पिक्चरच्या चारशेच्या वर चकत्या त्यांनी संगणकात उतरवून ठेवल्या होत्या, आणि तो संगणक हॉलमधल्या मोठ्या टीव्हीला जोडलेला असे. अक्कांना लहानपणापासून दमा, त्यांना फार वेळ बसवत नसे. त्या मध्यंतरापर्यंत अण्णांच्या शेजारी बसून बघत, मग आत जाऊन पडत. उरलेला अर्धा अण्णा एकटे बघत आणि संध्याकाळी कॉफी घेताना त्यांना सांगत. अक्का मला म्हणाल्या होत्या, "एकाही पिक्चरचा शेवट मी बघितलेला नाही बघ. सगळे यांच्या तोंडून ऐकले. त्यातले काही यांनी बदलले, मला ठाऊक आहे की. माझ्या पिक्चरमध्ये कुणी मरतच नाही."

त्या दुपारी असाच उरलेला अर्धा चालू होता आणि आत अक्कांना झटका आला. त्यांनी हाक मारली. अण्णांना ती ऐकू आली नाही. पिक्चर संपवून ते आत गेले तेव्हा अक्का जमिनीवर होत्या आणि ओठ निळे पडले होते. दवाखान्यात बरेच दिवस काढून त्या वाचल्या. घरी आल्या दिवशी अण्णांनी संगणक उघडला, आतल्या पंख्याला काठी लावली आणि निकाल दिला, "यानं हिची हाक खाल्ली." संगणक चादरीत बांधून माळ्यावर गेला. तेव्हापासून रोज दुपारी ते हॉलमध्ये बंद टीव्हीकडे पाठ करून, निळ्या पडद्याकडे तोंड करून बसत. दोन वर्षं. हातात पेपर असायचा, पण पान उलटलेलं मी क्वचितच बघितलं.

शेवटी अक्काच कंटाळल्या. "मला पिक्चर पाहिजे," त्या म्हणाल्या. "अर्धे तर अर्धे." मग बिनआवाजाच्या संगणकाचा शोध सुरू झाला, आणि मी त्यात ओढली गेले. "तू कंप्युटरमधली," अण्णा म्हणाले. मी पगारपत्रकांचे प्रोग्राम तपासायची. संगणकाचं झाकण आयुष्यात उघडलं नव्हतं. पण हे त्यांना पटवणं शक्य नव्हतं. कॅनडातली त्यांची मुलगी टीव्हीला खुपसायची एक डबी पाठवायला तयार होती. अण्णांनी तिला सांगितलं, "त्यात त्यांचे पिक्चर असतात. आपले कुठं असतात?"

त्यांनी वही केली. पहिल्या पानावर एकच नियम, मोठ्या अक्षरात: फिरणारं काही नको. पंखा फिरतो, म्हणून पंखा नको. जुनी डिस्क आत गरगरते, म्हणून ती नको. न फिरणारी घ्यायची आणि चारशे पिक्चर तिच्यावर उतरवायचे. पंखा नाही म्हणजे उष्णता जाणार कुठं? तर जाड अ‍ॅल्युमिनियमचा डबा, ज्याचं अंगच उष्णता ओढून बाहेर टाकेल. मी इंटरनेटवर वाचून एका ताकदवान प्रोसेसरचं नाव सुचवलं. अण्णांनी त्याची माहिती वाचली आणि वही मिटली. "गरम डोक्याचा माणूस घरात आणायचा आणि मग त्याला वारा घालत बसायचं, कशाला? थंड डोक्याचाच आणू. पिक्चर दाखवायचाय, लढाई करायची नाही." खोक्यावरचे आवाजाचे आकडे मी वाचून दाखवले की हात झटकायचे. "डब्यावर लिहिलेलं कंपनीचं. कानानं ऐकलेलं आपलं."

एका शनिवारी शेजारच्या बाईंना अक्कांपाशी बसवून आम्ही मेट्रोनं चिकपेटला गेलो. तिथून कापडाच्या गठ्ठ्यांमधून वाट काढत संगणकाच्या सुट्या भागांच्या गल्लीत. दुकान एवढंसं, बाहेर हॉर्न आणि हातगाड्या. वीजपुरवठ्याचा बिनपंख्याचा भाग निवडायचा होता. दुकानदारानं दोन समोर ठेवले आणि एकाकडे बोट दाखवून हिंदी-कानडीत म्हणाला, "हा घ्या, महाग आहे, पण गप्प आहे. दुसरा कधी कधी बारीक चीं करतो."

"चालू करा," अण्णा म्हणाले.

"अण्णा, इथं लॉरी गेली तर ऐकू येत नाही. याचा आवाज कुठला?"

पण त्यानं दोन्ही चालू केले. अण्णांनी एकेकाला काठी लावली. बोट वर गेलं. दुकानदार, त्याचा भाऊ, एक गिऱ्हाईक, सगळे गप्प उभे राहिले. बोटाचा तेवढा वचक होता. महागातल्याच्या अंगात त्यांना बारीकशी थरथर लागली. दुसरा एकदम शांत. "सरी," म्हणून त्यांनी तोच उचलला. दुकानदारानं माझ्याकडे बघून खांदे उडवले. मला अण्णांचा अभिमान वाटला, हे मला आज कबूल करायलाच पाहिजे.

त्यांनी संगणक स्वतः जोडला, पाच दिवस घेऊन. प्रत्येक स्क्रूखाली रबराची चकती. रविवारी दुपारी मला खाली बोलावलं. आतल्या खोलीचा पडदा बाजूला केलेला होता, अक्का खाटेवर उशांना टेकून बसल्या होत्या. अण्णांनी बटण दाबलं. टीव्हीवर चित्र आलं. ते माझ्याकडे वळले, बोट वर, आणि चेहरा असा की परीक्षेत पहिले आलेत.

"ऐक," ते म्हणाले. "काही नाही!"

मला ऐकू येत होतं. बारीक, तार ओढल्यासारखं, कानाजवळ डास आल्यासारखं चीं... सतत. दुकानदारानं सांगितलं होतं तेच. मी तोंड उघडलं. तेवढ्यात माझं लक्ष खाटेकडे गेलं. अक्का माझ्याकडे बघत होत्या, आणि त्यांनी ओठांवर बोट ठेवलं होतं.

"काही नाही, अण्णा," मी म्हणाले.

"सरी!" ते म्हणाले आणि कॉफी करायला स्वयंपाकघरात गेले.

मी अक्कांपाशी गेले. "तुम्हालाही येतोय ना आवाज?"

"येतोय की. त्यांना येत नाही." अक्का नेहमीच्या आवाजात बोलत होत्या. स्वयंपाकघर चार पावलांवर, आणि त्यांनी आवाज जरासुद्धा उतरवला नव्हता. त्याची गरज नव्हती, हे माझ्या तेव्हा लक्षात आलं. "कुकरची शिट्टीपण ते बघतात, ऐकत नाहीत. वाफ दिसली की बंद करतात. कारखान्यानं खाल्ले कान. चार-पाच वर्षं झाली."

"मग त्या दिवशी..."

"तीनदा हाक मारली मी. पंखा कसला नि काय."

"सांगितलं नाहीत?"

"काय सांगू? पंख्यानं घात केला, एवढं त्यांना सोसतंय. त्यांच्या कानानं केला हे सोसणार नाही. तू सांगायचं नाहीस. शपथ आहे माझी."

मग त्यांनी मला खाटेच्या कडेला बांधलेली सुतळी दाखवली. ती पलंगपोसाच्या आडून पडद्याच्या खालच्या काठापर्यंत गेली होती. बरं वाटेनासं झालं की अक्का ती ओढत. पडदा हले, अण्णा उठून येत आणि म्हणत, "ऐकलं मी." दोन वर्षं ते घर त्या सुतळीवर चाललं होतं. अण्णा बोट वर करत तेव्हा कानानं नव्हे, डोळ्यांनी ऐकत असत.

मला पुढचं आपोआप दिसलं. टीव्ही पडद्याच्या समोरच्या भिंतीला. आता अण्णा दुपारी टीव्हीकडे तोंड करून बसणार. म्हणजे पडद्याकडे पाठ. आपला संगणक मुका आहे, आता हाक आली तर ऐकू येणारच, अशा खात्रीनं बसणार. मी अक्कांना तसं म्हणाले.

"उरलेला अर्धा तेवढाच," अक्का म्हणाल्या. "देव आहे."

त्यानंतरचे तीन आठवडे मी कसे काढले ते माझं मला माहीत. ऑफिसात जेवणाची सुट्टी झाली की मी घड्याळाकडे बघत बसायची, कारण तेव्हा मध्यंतर होत आलेलं असायचं. कुठलाही पडदा हलला तरी मी वळून बघायची. मी काही ना काही निमित्त काढून घरूनच काम करायला लागले आणि दुपारी चार-चार वेळा खाली डोकवायची. साखर, कोथिंबीर, काहीही. एकदा मी अण्णांना सुचवून बघितलं की टीव्ही दुसऱ्या भिंतीला लावूया. "तिथं ऊन येतंय की." मग म्हटलं, टीव्हीच्या वर एक आरसा लावूया, मागचं दिसेल. ते हसले. "आरसा कशाला? कान आहेत की." मी शपथ मोडणार होते. रोज ठरवायची आणि रोज त्यांचा तो खूश चेहरा बघून परत फिरायची. याला भित्रेपणा म्हणतात, दुसरं नाव नाही.

चौथ्या आठवड्यात, शनिवारी, मी वाटी घेऊन साखर मागायला उतरले. खिडकीतून बघितलं. अण्णा खुर्चीत, हात मांडीवर, पिक्चरमध्ये रंगलेले. त्यांच्या पाठीमागे निळा पडदा हलत होता. वाऱ्यानं हलतो तसा नव्हे. हिसके बसत होते. मग थांबला.

दार ढकलून मी धावले. अक्का खाटेवरून अर्ध्या खाली लोंबत होत्या, सुतळी मुठीत, दम्याचा पंप खाटेखाली घरंगळलेला. तोंडातून शिट्टीसारखा आवाज. मला पाहून अण्णा उठून आले होते. त्यांनी एका हातानं अक्कांना उचलून बसवलं, मी पंप तोंडाशी धरला. एकदा, दोनदा, तीनदा. किती वेळ गेला कोण जाणे. शेवटी अक्कांनीच पंप स्वतःच्या हातात घेतला. श्वास वळणावर आला.

अण्णांना मुठीतली सुतळी दिसली. त्यांनी तिच्यावरून नजर नेत नेत ती पडद्यापर्यंत नेली. बाहेर जाऊन त्यांनी पिक्चर थांबवला, संगणकाला काठी लावली, बराच वेळ डोळे मिटून ऐकलं. मग मला हाक मारली.

"मधुरा, खरं सांग. यातून आवाज येतोय?"

मी दारात उभी होते. अक्का आतून माझ्याकडे बघत होत्या.

"येतोय, अण्णा."

"कसा?"

"बारीक. चीं असा. डासासारखा."

"केव्हापासून?"

"पहिल्या दिवसापासून."

त्यांनी मान हलवली. काठी खाली ठेवली, मग पुन्हा उचलली. "म्हणजे पंखा नव्हता," ते म्हणाले.

"पंखाच होता हो," आतून अक्का म्हणाल्या. अण्णांची पाठ तिकडे होती. त्यांना ऐकू आलं नाही. मला रडू आवरेना, मी जिना चढून वर निघून गेले.

पुढच्या आठवड्यात अण्णांना कानाच्या डॉक्टरांना दाखवून झालं. वरचे सूर गेलेत, खालचे शिल्लक आहेत, असं त्यांनी सांगितलं. म्हणून काठीतून येणारी घरघर, थरथर कळते आणि हाक कळत नाही. कानाचं यंत्र आलं. अण्णा दोन दिवस ते लावून हिंडले आणि मला म्हणाले, "सगळं बंगळूर ऐकू येतंय. हिचा श्वास तेवढा येत नाही." दुपारी ते काढून डबीत ठेवायला लागले. माझ्यावर ते रागावले नाहीत. रागावले असते तर बरं झालं असतं. पण मी खाली गेले की आता ते माझ्या तोंडाकडे जरा जास्त वेळ बघत, हिनं आणखी काय लपवलंय असं.

वर्षअखेरीस मी ते घर सोडलं. सगळ्यांना कारण सांगितलं व्हाइटफील्डचा प्रवास. खरं कारण भीती होती. वरच्या मजल्यावर बसून खालच्या श्वासाचा कानोसा घेत राहणं मला झेपत नव्हतं.

निघायच्या दिवशी दुपारी किल्ली द्यायला खाली उतरले. खिडकीतून हात हलवला, तर हॉलमध्ये कुणी नव्हतं. टीव्हीवर पिक्चर चालू होता, आवाज बंद, मध्यंतर उलटून गेलेलं. संगणक त्याची चीं करत होता. दार लोटलेलं होतं, मी आत गेले.

निळा पडदा काढून टाकला होता. नुसता दांडा राहिला होता. अक्का उशांना टेकून झोपल्या होत्या. खाटेच्या डोक्याशी लाकडी फळी आहे, तिच्याजवळ अण्णा बुटक्या स्टुलावर बसले होते, पाठ टीव्हीकडे. काठीचं निमुळतं टोक त्या फळीला टेकवलेलं, बोंड कानामागच्या हाडाला. डोळे मिटलेले. हातातली किल्ली वाजली, त्यांना कळलं नाही. मी पुढे होऊन त्यांच्या खांद्याला हात लावला.

त्यांनी डोळे उघडले नाहीत. फक्त उजव्या हाताचं बोट वर गेलं.

मी अक्कांकडे बघितलं. चादर हलतेय की नाही ते मला कळेना. मी श्वास रोखून उभी राहिले. रस्त्यावरून भाजीवाला ओरडत गेला, माझी टॅक्सी दोनदा हॉर्न वाजवून गप्प झाली, आणि बोट वरच होतं.

मग ते खाली आलं.

"सरी," अण्णा म्हणाले.